आधी ब्रेक, मग इंजिन

पत्र : मी गुहागर तालुक्यात राहतो. दिवाळीनंतर दापोलीकडच्या एका घरातून १९८४ ची प्रीमियर पद्मिनी घेतली. गाडी सात वर्षं मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) उभी होती. घरातले वडील गेल्यावर मुलांनी ती चालवलीच नाही. आरसी बुक अजून त्या वडिलांच्याच नावावर आहे आणि त्याची मुदत २०१९ मध्येच संपली आहे. वरून पत्रा बरा दिसतो, रंग मात्र उडालाय. आमच्याकडचा मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी लावू, पेट्रोल टाकू, सेल्फ नाही लागला तर धक्का मारू आणि चिपळूणला नेऊन सर्व्हिसिंग करून आणू. इंजिन खोलावं लागेल का? आणि मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, तोवर गाडी रस्त्यावर येईल का?

उत्तर : मेकॅनिक मनापासून सांगतोय, पण या बाबतीत त्याचं ऐकू नका. सात वर्षं उभ्या गाडीला धक्का मारला की कोरड्या सिलेंडरमध्ये गंजलेल्या रिंगा जोरात घासत फिरतात. शिवाय जिचे ब्रेक लागतात की नाही हे कोणालाच माहीत नाही, अशी गाडी कोकणातल्या उतारावर चालती होते. पुढे चिपळूणपर्यंत पंचेचाळीस-एक किलोमीटर चढउतार आणि वळणं. गाडी चालू होणं वेगळं आणि ती रस्त्यावर न्यायच्या लायकीची होणं वेगळं. मधलं काम काही महिन्यांचं आहे आणि ते इंजिनापासून सुरू होत नाही. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, मग पेट्रोलची लाइन आणि त्यानंतर इंजिन, असा क्रम धरा. गाडी कुठे न्यायची झालीच तर फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) न्या, आणि बांधताना दोर बंपरला न लावता ॲक्सलला लावा.

कागद पहिले, कारण त्यांना लागणारा वेळ तुमच्या हातात नाही. गाडी मयत व्यक्तीच्या नावावर असल्यामुळे ती थेट तुमच्या नावावर होणार नाही. आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ वर हस्तांतरण होतं. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर वारसाकडून तुमच्याकडे. विकणारे भाऊ-बहीण वेगवेगळ्या गावांत असतील तर सह्या आत्ताच घेऊन ठेवा. मुदत संपलेल्या नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि नंतर दर ५ वर्षांनी, म्हणून तुमची १९९९ पासून पाच-पाच वर्षांनी वाढत २०१९ ला येऊन थांबली. मधल्या काळाचा विलंब आकार दर महिन्याने चढत जातो, शिवाय १५ वर्षांवरच्या गाड्यांचा पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीला गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते, म्हणजे तोवर ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर आणि टायर ठीक हवेत. थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट यांतून सुटका नाही. जुनं बुक हाताने लिहिलेलं असेल तर त्याची नोंद ऑनलाइन चढलीय का ते रत्नागिरी आरटीओत सगळ्यात आधी बघा. ती चढलेली नसेल तर बाकीचे अर्ज पुढे सरकतच नाहीत.

कोणी एजंट ‘व्हिंटेजमध्ये टाकून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीलाच मिळते. तुमची गाडी तिथे २०३४ ला पोचेल. शिवाय व्हीए मालिकेची, म्हणजे व्हिंटेज नोंदणीची, गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तुम्हाला तर ती वापरायची आहे. दिल्लीसारखी वयावरची बंदी आपल्याकडे खासगी गाड्यांना नाही, तेव्हा साधं नूतनीकरणच करा.

कागदांचंच, पण गाडीपाशी उभं राहून करायचं एक काम आहे. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर वायर ब्रशने हलके घासून आरसीशी ताडून बघा. पद्मिनीची बरीच इंजिनं मधल्या काळात बदलली गेली आहेत, काहींत डिझेल बसवलं गेलं. इंजिन नंबर जुळत नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. चेसिस नंबरच्या जागी गंज दिसला तर त्यावर ग्राइंडर, वेल्डिंग किंवा जाड रंग अजिबात चालवू देऊ नका. त्या अक्षरांची पेन्सिलने छाप घ्यावी लागते. डेंटरने ती घासून टाकली तर गाडी कितीही चांगली बनली तरी कागदावर ती अडते.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे खालचा पत्रा सडला की नुसतं दिसायचं नुकसान होत नाही, पाटा (लीफ स्प्रिंग) ज्या जागी बॉडीला धरलाय ती जागाच सुटू शकते. किनाऱ्यावरच्या गाड्या वरून बऱ्या दिसतात आणि खालून खाल्लेल्या असतात. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि मांगराची जमीन शेणाने सारवलेली किंवा नुसती मातीची असेल तर खालून सतत येणारी ओल, असं तिहेरी काम चालू असतं. गाडी सपाट जागी जॅकवर घ्या, चारही बाजूंना ॲक्सल स्टँड लावा (चिरे रचून त्यावर गाडी ठेवू नका, जांभा चिरा अचानक फुटतो), मॅट आणि सीट बाहेर काढा आणि एक टोकदार पेचकस घेऊन खाली झोपा.

टोचायच्या जागा ठरलेल्या आहेत. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, दाराखालची सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे पुढचे आणि मागचे हँगर, डिकीचा तळ, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि दारांची खालची घडी. पेचकस जोराने दाबा. खणखणीत लागला तर बरं. आत गेला किंवा पापुद्रा निघाला तर खडूने खूण करा. वरच्या बाजूला लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आत पत्रा कमी आणि लांबी (खड्डे बुजवायची पुटी) जास्त आहे. अशी जागा सिलवर किंवा हँगरपाशी सापडली तर लांबी उकरून काढा, आतून काय निघतंय ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सडलेला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून टाकायचा आणि नवा जोडायचा. फ्लोअरला १८ गेज, बाहेरच्या बॉडीला २० गेज. जुन्यावर नवा तुकडा नुसता चढवला तर दोन पत्र्यांच्या मधे पाणी साठतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा वाकतो, तेव्हा सीओटू वेल्डिंग करणारा डेंटर गाठा. पेट्रोलची टाकी गाडीत असताना वेल्डिंग करू देऊ नका, बॅटरी काढून ठेवा. नंतर झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि सिलसारख्या बंद पोकळीत भोकातून मेणाचा फवारा. अंडरबॉडी कोटिंगचा काळा थर सगळ्यात शेवटी. गंजावर तो थर मारला तर गंज झाकला जातो आणि आत ओलही अडकते. गाडी विकणारे नेमकं हेच करतात. म्हणून तुमच्या गाडीखाली ताजा काळा थर असेल तर तो खरवडून बघा.

ब्रेकवर तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो) एकच सर्किट सगळीकडे जातं. म्हणजे एका चाकाची एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. आपल्याकडच्या दमट हवेत सात वर्षं पडलेलं ऑइल म्हणजे तळाशी पाणी आणि त्या पाण्याने गंजलेला सिलेंडर. ड्रम काढून व्हील सिलेंडरचं (चाकातल्या ब्रेक सिलेंडरचं) रबरी टोपण बोटाने हळूच उलटा. आत कोरडं, स्वच्छ असेल तर नशीब. बहुतेक वेळा तिथून गढूळ तपकिरी पाणी ओघळतं आणि पिस्टन जागचा हलत नाही. असा सिलेंडर घासून, नवं किट टाकून परत बसवायचा मोह होईल. आतल्या भिंतीवर नखाला लागेल इतका खड्डा असेल तर नवा सिलेंडरच टाका, कारण त्या खड्ड्यावर नवं रबर महिन्याभरात कापलं जातं.

ड्रममधली काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने तर मुळीच उडवू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ॲस्बेस्टॉस असायचं, ते श्वासात जाता कामा नये. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. लायनर रिव्हेटपाशी पातळ झाले असतील, चिरले असतील किंवा मागच्या ॲक्सलच्या ऑइल सीलमधून गिअर ऑइल पाझरून तेलकट झाले असतील तर बदला. तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन चालत नाही, गरम झाला की आतलं तेल परत वर येतं. त्याआधी सील बदला, नाहीतर नव्याचीही तीच गत. ड्रमवर खोल रेघा असतील तर लेथवर एक हलका कट घ्या. दोन्ही बाजूंचे ड्रम सारखेच कापले गेले पाहिजेत, नाहीतर ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते.

लोखंडी ब्रेक नळ्या क्लिपांच्या खाली सडतात, तिथे बघा. बाहेरून रंग मारलेली नळी क्लिप सोडवल्यावर हातात तुटून येते. नव्या घ्या, एक ठेवून तीन बदलू नका. साध्या तांब्याची नळी नको, ती कंपनांनी कडक होऊन चिरते. कॉपर-निकेलची मिळाली तर ती किनाऱ्यावर सगळ्यात चांगली, कारण ती गंजत नाही. रबरी होज तिन्ही नवे. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं, अर्ध्या लिटरचे दोन डबे धरून चाला, आणि उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत तो क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा येतो. शेवटी पेडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि कुठेही गळती दिसत नसेल तर मास्टर सिलेंडरच्या आतलं रबर सोडतंय. हे झाल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका.

पेट्रोलची लाइन. टाकीतलं जुनं पेट्रोल वासावरून कळतं, व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. ते बाहेर काढा, टाकी उतरवा. टाकीच्या हवेच्या बारीक नळीत काडी घालून बघा. मांगरात उभ्या गाड्यांच्या अशा नळ्यांत कुंभारीण माशी मातीची घरं करते. वरून काहीच दिसत नाही. गाडी दोन-तीन किलोमीटर नीट चालते, मग टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल ओढलं जात नाही आणि गाडी बंद पडते. झाकण उघडलं की परत चालते. यात पंप आणि कार्बोरेटर दोन्ही फुकट खोलले जातात. टाकी आतून गंजली असेल तर लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड या प्रमाणात भरून रात्रभर ठेवा, ओता, खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि लगेच गरम हवेने वाळवा. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते. पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करायला बसू नका. ती पाण्याने कितीही धुतली तरी वाफ राहते आणि टाकी फुटते.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात वीस टक्के इथेनॉल. १९८४ ची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत, ती फुगतात, मऊ पडतात आणि शेवटी चिरतात. इंजिनावर पेट्रोल गळलं की आग. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बदला. दुकानात ‘जे ३० आर ९’ असं छापलेला होज मागा, तो इथेनॉलला टिकतो. गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम आणि सोलेक्स कार्बोरेटरचं किट नवं. कार्बोरेटर उघडल्यावर जेट तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. कॉम्प्रेसरची हवा किंवा कार्बोरेटर क्लीनर वापरा. मागाहून चढावर गाडी खेचेना आणि प्लग पांढरे निघू लागले तर मिश्रण पातळ पडतंय, मेन जेट एक साइज मोठा घाला. इथेनॉलही ओल ओढतं, म्हणून गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, गच्च भरा. आणि एक-दोन किलोचं आग विझवायचं सिलेंडर आजच घ्या, काम सुरू करायच्या आधी.

आता इंजिन. लगेच खोलू नका, आधी मोजा. सगळे प्लग काढा, प्रत्येक भोकात तीन चमचे इंजिन ऑइल टाका आणि दोन दिवस तसंच राहू द्या. रॉकर कव्हर काढा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन फिरवायच्या हँडलने ते हळूहळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, थोडं मागे, थोडं पुढे. फिरत असताना आठही वाल्व वर-खाली होतात का ते नीट बघा. बसून राहिलेल्या इंजिनात एखादा वाल्व गाइडमध्ये चिकटतो, तसाच सेल्फ मारला तर पुशरॉड (वाल्व हलवणारी दांडी) वाकतो. चिकटलेल्या वाल्ववर गंज सोडवणारं तेल टाकून, प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकून तो मोकळा होतो.

जुनं ऑइल गरम न करताच काढा. पहिल्या धारेकडे बघा. चहासारखं दुधाळ निघालं तर कूलंट ऑइलमध्ये उतरलंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा त्याहून वाईट काही, आणि मग हेड काढावंच लागेल. तसं नसेल तर २० डब्ल्यू ५० चं साधं मिनरल ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. महागडं सिंथेटिक या इंजिनाला नको, जुन्या सीलमधून ते पाझरतं. प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारा, दहा सेकंद मारायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्लगच्या भोकाला गेज लावून सिलेंडरमधला दाब मोजा. प्रत्येक सिलेंडरचा आकडा १२० पीएसआयच्या आसपास आणि सगळ्यांतला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन न खोलता वापरता येईल. एखादा ९० च्या खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर वाल्वचा. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर मधल्या गॅस्केटकडे बघा. सात वर्षं बसलेल्या इंजिनाचा पहिला आकडा बऱ्याचदा कमी येतो आणि अर्धा तास चालल्यावर सुधारतो, म्हणून एका मोजणीवर रिबोअरचा (सिलेंडर मोठा कापून घेण्याचा) निर्णय घेऊ नका.

खोलावंच लागलं तर मशीनिंगचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरला न्या. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, वाल्व सीट हे तिथे रोजचं काम आहे. मूळ बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर. आधी नवे पिस्टन हातात घ्या, मग त्यांच्या मापाने बोअर करायला द्या. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाल्या आणि त्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा धंदा आटत चालला आहे. मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या बाजारात अजून बरंच मिळतं, पण यादी करून एकदम घ्या. पॉइंट आणि कंडेन्सर (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे भाग), ब्रेक किट, पंप किट आणि वॉटर पंप दोन-दोन घेऊन ठेवले तरी वाया जाणार नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडू नका. दोन लिटरच्या स्वच्छ कॅनमधून पंपाला पेट्रोल द्या. पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटर, प्लगची ०.६, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पॉइंटवर गंजाचा करडा थर असतो, बारीक पॉलिश पेपरने पुसा, तेलकट बोट लावू नका. ठिणगी निळी आणि कडक हवी, पिवळी असेल तर आधी कंडेन्सर बदला. चालू झाली की पाच मिनिटं मध्यम वेगावर ठेवा, ऑइलच्या दिव्यावर नजर, दुसऱ्या माणसाने खाली वाकून गळती बघायची. क्लच दाबून गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. पेडल दाबून सीटला दांडा टेकवून रात्रभर ठेवा, बऱ्याचदा सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवा. गाडी गिअरमध्ये टाकून झटके देत ती सोडवायची पद्धत आपल्या अंगणांत नको, पुढे विहीर नाहीतर गडगा (दगडी कुंपण) असतो.

पाण्याच्या लाइनमध्ये विहिरीचं पाणी अजिबात नको. किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ असतात आणि पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हटलं की पाण्याच्या वाटांपाशी ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडून आतून साफ करून घ्या, सगळे होज आणि फॅन बेल्ट नवे, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघा. तो काढून टाका म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मेनिम्मे.

वायरिंगमध्ये हात घालण्याआधी बोनेटखाली, सीटखाली आणि डॅशबोर्डमागे टॉर्च मारून बघा. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतातच, पण उंदरांच्या मागे जनावरंही (साप) येतात आणि आपल्या भागात फुरसं असतं. हातमोजे घाला, आधी काठी फिरवा. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून ठेवू नका, तुकडा कापून सोल्डर करा. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी नवी घाला, अर्ध्या विजेच्या तक्रारी तिथेच मिटतात. चार्जिंगला बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. वायपरच्या दांड्यांना ग्रीस द्या, जूनमध्ये कळेल का सांगतोय ते.

टायर कितीही नक्षीदार असले तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तुमचे टायर नक्कीच सात वर्षांपेक्षा जुने आहेत, पाचही बदला आणि साधे व रेडिअल मिसळू नका. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर किंग पिन किंवा बेअरिंग. डाव्या-उजव्या बाजूंना खेळ लागला तर टाय रॉड एंड. ग्रीसच्या प्रत्येक निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. गिअरबॉक्सला ९० नंबरचं जीएल-४ गिअर ऑइल आणि डिफरन्शियलला जीएल-५.

पहिल्या फेऱ्या अंगणात, चालत्या माणसाच्या वेगाने, नुसते ब्रेक तपासायला. कागद होईपर्यंत रस्त्यावर नको. नोंदणी आणि विमा हातात आल्यावर पाच किलोमीटर, मग थांबून चारही ड्रमला हात लावून बघा. एकच ड्रम तापला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. मग वीस. ५०० किलोमीटरला ऑइल बदला, सात वर्षांची घाण त्या ऑइलात सुटून आलेली असते. कुंभार्ली किंवा आंबा घाट त्यानंतर. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापून पकड सोडतात, आणि पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात चढावर गाडी हबकून बंद पडली तर गाडीतल्या पंपात पेट्रोलची वाफ धरलीय. बोनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. सेल्फ मारून बॅटरी संपवू नका. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा संच, एक कॉइल, हातभर पेट्रोल होज, ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आणि पाच लिटर पाणी असू द्या.

मेपर्यंत होईल का? पत्रा मर्यादित असेल आणि कागद आत्ता सुरू केलेत तर होईल. डिसेंबर-जानेवारीत पत्रा आणि ब्रेक, फेब्रुवारीत पेट्रोल आणि इंजिन, मार्चमध्ये वायरिंग आणि तपासणी, एप्रिल चालवून दोष काढायला. रंग मात्र थंडी असतानाच उरका. हवेत ओल वाढली की रंगावर पांढरट झाक येते आणि मेच्या शेवटी ती हमखास येते. मार्चपर्यंत रंग झाला नाही तर प्रायमरवरच लग्नाला न्या आणि रंगाचं काम पावसाळ्यानंतर घ्या, कारण घाईत मारलेल्या रंगाखाली मृगानंतर फोड येतात. वरातीला वाळूत फोटो काढायला गाडी किनाऱ्यावर नेऊ नका. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीतून गेलात तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, हवा खेळेल अशा छपराखाली सिमेंटच्या कोब्यावर ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा.

कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि पेचकस जिथे जिथे आत गेला त्या जागांचे फोटो पाठवा. इंजिन खोलायचं की नाही आणि फ्लोअर किती कापायचा, ते त्यावरून सांगू.